फाइल घरी येते तेव्हा: प्रोबेशन-पॅरोल कार्यालयातल्या नव्या पर्यवेक्षकासाठी

काल-परवापर्यंत तुम्ही स्वतः केसेस सांभाळत होतात. आता हाताखाली आठ-दहा अधिकारी आहेत. त्यातला एक जण तीन आठवडे गृहभेटी पुढे ढकलतो आहे. त्याचे अहवाल वेळेवर येतात, पण सगळे एकाच छापाचे. नाव बदललं तर कुणालाही लागू पडतील असे. विचारलं की म्हणतो, ‘काही नाही, ठीक आहे.’ त्या ‘ठीक आहे’च्या पुढे काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत ‘प्रोबेशनवर आहे’ म्हटलं की नोकरीतला चाचणीचा काळ आठवतो आणि ‘पॅरोलवर बाहेर आलाय’ म्हटलं की तुरुंगातून मिळालेली थोड्या दिवसांची रजा. इथे दोन्ही अर्थ वेगळे आहेत. न्यायालयाने गुन्हेगाराला समाजातच ठेवून अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली दिलं की ते प्रोबेशन. शिक्षेचा काही भाग भोगल्यावर अटींवर सोडून उरलेला काळ देखरेखीत ठेवलं की तो पॅरोल. या कामाचा उगम बॉस्टनमध्ये सांगतात. १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्या माणसाने दारूपायी पकडलेल्या एकाला जामीन राहून न्यायालयातून सोडवून आणलं. पुढच्या अठरा वर्षांत तो जवळपास दोन हजार जणांना असा जामीन राहिला, तोही बिनपगारी. म्हणजे हाती घेतलेल्या केसेसना सीमा नसणं हे या पेशाचं जन्मापासूनचं दुखणं आहे.

पायरी १: दुखणं कोणतं, ते ओळखा

‘ताण’ हा शब्द गोणपाटासारखा आहे. त्यात काहीही भरता येतं. निदान चार गोष्टी वेगळ्या करा, कारण प्रत्येकीवरचा इलाज वेगळा आहे.

पहिली म्हणजे कामाने आलेली झीज, ज्याला सगळे बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तिची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. हे वर्गीकरण तिला आजार म्हणत नाही; नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणाचा तो परिणाम आहे, असं सांगतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मग दुरुस्तीही कामातच करायला हवी.

दुसरी म्हणजे दुसऱ्याच्या आघाताची झळ. अधिकाऱ्यावर कुणी हात उगारलेला नसतो. तो पोलिसांचे कागद वाचतो, पीडितेचं निवेदन वाचतो, लहान मुलांवरच्या अत्याचाराचे तपशील वाचतो आणि त्याच माणसासमोर बसून ‘मागच्या आठवड्यात कामावर किती दिवस गेलात?’ असं विचारतो. काही महिन्यांनी तो स्वतःच्या मुलीला पोहायच्या शिकवणीला पाठवेनासा होतो. हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानपुस्तिकेने, कामाचा भाग म्हणून असे तपशील वारंवार समोर येणं हाही आघात ठरू शकतो, हे मान्य केलं. कामासाठी पाहावी लागलेली चित्रं आणि ध्वनिमुद्रणंसुद्धा त्यात येतात. तेव्हा ‘तू तर नुसती फाइल वाचलीस’ हे वाक्य पर्यवेक्षकाच्या तोंडून कधीही निघता कामा नये.

तिसरी म्हणजे थेट आघात: गृहभेटीत झालेला हल्ला, अंगावर सोडलेलं कुत्रं, ‘तुझं घर कुठे आहे ते मला माहीत आहे’ अशी धमकी.

चौथी म्हणजे स्वतःच्या निर्णयाचा सल. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे अटभंगाचा अहवाल पाठवला, माणूस पुन्हा तुरुंगात गेला, त्याची नोकरी सुटली, मुलं आजीकडे गेली. अहवाल चूक नव्हता, तरीही मनात सल राहतो. किंवा उलट घडतं: एक संधी दिली आणि त्या माणसाने दुसऱ्याचा जीव घेतला. आधार द्यायचा आणि पहाराही करायचा, अशी दुहेरी भूमिका असलेल्या कामात हा सल येणारच. त्यावर दीर्घ श्वसनाचा उपयोग होत नाही. निर्णय कसा घेतला, तेव्हा काय माहीत होतं, यावर कुणाशी तरी मोकळेपणाने बोलावं लागतं.

पायरी २: माणसांआधी केसेस मोजा

नवा पर्यवेक्षक सहसा इथेच चुकतो. ताण दिसला की तो योगाचं सत्र ठेवतो, भिंतीवर प्रेरक वाक्यं लावतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने प्रोबेशन आणि पॅरोल अधिकाऱ्यांच्या ताणाचा अभ्यास केला, तेव्हा ताणाची तीन मुख्य कारणं पुढे आली: केसेसचा बोजा, कागदपत्रं आणि मुदती. धोकादायक गुन्हेगार या तिघांत नव्हते. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आतल्यांना अजिबात वाटत नाही.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात एक साधा तक्ता करा. प्रत्येक अधिकाऱ्याकडे किती केसेस, त्यातल्या जास्त जोखमीच्या किती, लैंगिक किंवा घरगुती हिंसेच्या किती, महिन्याला न्यायालयासाठी किती अहवाल, आणि रजेवर गेलेल्यांच्या किती केसेस त्याच्या अंगावर. नुसता आकडा फसवतो. कमी जोखमीच्या शंभर केसेस एखाद्याला सहज झेपतात आणि बालअत्याचाराच्या पंचवीस केसेस दुसऱ्याला मोडतात. अमेरिकन प्रोबेशन अँड पॅरोल असोसिएशननेही म्हणूनच सगळ्यांना एक आकडा दिलेला नाही. कडक देखरेखीच्या केसेस एका अधिकाऱ्यामागे २०, मध्यम ते जास्त जोखमीच्या ५०, कमी जोखमीच्या २००, असं त्यांचं मार्गदर्शन आहे. तुमच्या हाती नव्या नेमणुका नसतील. पण तीन गोष्टी बहुधा असतात. जड केसेस एकाच ‘कणखर’ अधिकाऱ्याकडे साचू न देणं. जिथे कायदा परवानगी देतो तिथे नीट चाललेल्या कमी जोखमीच्या केसेसच्या भेटी विरळ करणं. आणि एकच माहिती तीन नमुन्यांत भरावी लागत असेल, तर वरच्यांशी भांडून त्यातला एक तरी बंद करून घेणं. हा तक्ता वरिष्ठांसमोर ठेवला की बोलणं भावनेवर न राहता आकड्यांवर येतं.

तो ‘कणखर’ अधिकारी प्रत्येक कार्यालयात असतो. तक्रार करत नाही, म्हणून सगळ्यांत वाईट फाइली त्याच्याकडे जातात. तो दुखणं अंगावर काढत असतो आणि आपण त्यालाच त्याचा गुण समजतो.

तक्त्यात टंकलेखक, स्वागतकक्षातले कर्मचारी आणि फाइली सांभाळणारे यांनाही घ्या. न्यायालयाला जाणारा प्रत्येक अहवाल टाइप करणारी बाई तपशील पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचते. चिडलेला माणूस आधी ओरडतो तोही स्वागतकक्षातच. प्रशिक्षणाच्या यादीत मात्र ही माणसं कधी नसतात.

पायरी ३: फाइल वाचण्याची पद्धत बसवा

याला पैसे लागत नाहीत. भयंकर तपशील असलेली फाइल दिवसाच्या शेवटी, घरी जाण्याआधी वाचायची नाही. घरी न्यायची तर मुळीच नाही. वाचण्याआधी स्वतःला विचारायचं: यातून मला नेमकं काय हवं आहे? जोखीम ठरवायला गुन्ह्याची पद्धत आणि पीडिताशी असलेलं नातं कळावं लागतं; प्रत्येक छायाचित्र पाहावं लागत नाही. एकाने पाहून नीट टिपण केलं असेल, तर दुसऱ्याने विनाकारण पुन्हा पाहू नये. फाइलीच्या वरच ‘आत छायाचित्रं आहेत’ अशी चिठ्ठी लावली, तरी पान उलटताना बसणारा धक्का टळतो.

सहकाऱ्यांशी बोलतानाही हेच. एखादी केस मन पोखरते तेव्हा माणूस शेजारच्या टेबलावर जाऊन सगळं ओततो. त्याला हलकं वाटतं, शेजाऱ्याची रात्र खराब होते. ‘एक वाईट केस आहे, पाच मिनिटं ऐकशील का? तपशील सांगत नाही,’ असं आधी विचारायची सवय लावा. सुरुवातीला कृत्रिम वाटेल. महिनाभरात अंगवळणी पडतं.

पायरी ४: पंधरा दिवसांतून एकदा, दार लावून

प्रत्येक अधिकाऱ्याबरोबर ठरलेल्या वेळी, पंधरवड्यातून निदान पाऊण तास बसा. यात केसेसचा हिशेब घ्यायचा नाही. त्यासाठी वेगळी बैठक ठेवा. दोन्ही एकत्र केल्या की मुदतींचं बोलणं सगळी वेळ खातं.

‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न टाळा, त्याला ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारून पाहा: ‘या दोन आठवड्यांत कोणती केस घरी आली?’ ‘कोणाची भेट असली की सकाळी उठावंसं वाटत नाही?’ ‘झोप कशी आहे?’ शेवटचा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर बहुतेक जण खरं देतात. ऐकताना उपाय सुचवायची घाई नको. आणि ‘आमच्या वेळी तर...’ हे शब्द जिभेवर आले तर गिळून टाका.

काय बदललंय याकडे लक्ष ठेवा. बडबड्या माणूस गप्प झाला, शांत माणूस देखरेखीखालच्यांवर खेकसू लागला, कुणी सगळ्यांनाच ‘हे सुधारणार नाहीत’ म्हणू लागला, अटभंगाचे अहवाल एकदम वाढले किंवा एकदम थांबले, दारू वाढली. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही कानावर आलं, तर आडून विचारू नका. ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञापर्यंत पोहोचवा.

प्रश्नावली हवी असेल तर ‘प्रोक्वॉल’ नावाची ३० प्रश्नांची एक मोजणी जगभर वापरली जाते. गेल्या तीस दिवसांत कामातून मिळालेलं समाधान, झीज आणि दुसऱ्याच्या आघाताची झळ अशा तीन बाजू ती पाहते. निदान करणं हे तिचं काम नाही. प्रत्येकाने ती स्वतःसाठी भरावी आणि स्वतःकडेच ठेवावी. ती बढतीच्या फाइलीत गेली, अशी नुसती कुजबुज झाली तरी पुढे कुणी खरं लिहिणार नाही.

पायरी ५: घटना घडली तर

ही पायरी घटना घडण्याआधी लिहून ठेवायची. त्या दिवशी तुमचंही डोकं चालणार नसतं. घटना म्हणजे फक्त हल्ला नव्हे. देखरेखीखालच्या माणसाची आत्महत्या, नशेच्या अतिमात्रेने झालेला मृत्यू, त्याने केलेला खून किंवा बलात्कार, सहकाऱ्याचा मृत्यू हे सगळं यादीत हवं. २०१३ साली अमेरिकेतल्या तीन राज्यांतल्या प्रोबेशन अधिकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हातातल्या केसमध्ये हिंसक गुन्हा किंवा आत्महत्या पाहिलेल्या अधिकाऱ्यांमध्ये आघाताची आणि झिजेची लक्षणं जास्त आढळली.

पहिला तास: आधी सुरक्षितता, मग वैद्यकीय मदत. अधिकाऱ्याला एकट्याने गाडी चालवत घरी पाठवू नका. घरच्यांना त्याच्याच तोंडून किंवा त्याच्या परवानगीने तुमच्याकडून कळू दे. बातम्यांतून कळता कामा नये. त्याच्या त्या दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या भेटी दुसऱ्याकडे द्या आणि तसं त्याला सांगा, नाहीतर तो रात्रभर त्याच काळजीत राहील.

काय बोलावं हे सुचत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतले तीन शब्द लक्षात ठेवा: पाहा, ऐका, जोडा. काय घडलंय आणि गरज कशाची आहे ते पाहा. त्याला बोलायचं असेल तेवढंच ऐका. मग योग्य माणसाशी, माहितीशी, घरच्यांशी जोडून द्या. पाणी, शांत खोली, ओळखीचा चेहरा यांची किंमत कमी समजू नका.

आणि एक गोष्ट करू नका. १९८०च्या दशकात अशी पद्धत आली की घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने बोलायचं. ती झपाट्याने पसरली, कारण आपण काहीतरी केलं याचं समाधान व्यवस्थापनाला मिळतं. पण पुढच्या अभ्यासांतून अशा एका बैठकीने आघातानंतरचा विकार टळतो असं दिसलं नाही. काहींना त्रासच वाढला. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनीही ती देऊ नये असंच म्हटलं आहे. कामकाजाचा आढावा जरूर घ्या: निरोप कुठे अडला, दाराचं कुलूप का चाललं नाही. भावना सक्तीने बोलायला लावू नका.

हल्ल्यापेक्षा अवघड वेळ असते ती देखरेखीखालच्या माणसाने गंभीर गुन्हा केल्यावर. फाइल मागवली जाते, चौकशी बसते, पत्रकारांचे फोन येतात. अधिकाऱ्याच्या मनात एकच चाक फिरत असतं: मंगळवारची भेट मी चुकवली नसती तर? त्यातच सहकारी टाळू लागतात; वाईट हेतूने नव्हे, काय बोलावं ते कळत नाही म्हणून. इथे तुमचं पहिलं काम म्हणजे त्याच्या टेबलाशी जाऊन उभं राहणं. दुसरं काम माहिती देणं: चौकशी कोण करणार, किती दिवस चालेल, कोणते कागद लागतील, कायदेशीर सल्ला कुठे मिळेल, पत्रकारांशी कोण बोलणार. अनिश्चितता माणसाला चौकशीपेक्षा जास्त खाते. ‘तुझी काही चूक नाही’ असं वचन मात्र देऊ नका, तो निकाल तुमच्या हातात नाही. ‘चौकशीत काहीही निघालं तरी मी तुझ्याशी बोलणं थांबवणार नाही’ हे वचन देता येतं, आणि दिलंत तर पाळावं लागतं. शक्य असेल तर चौकशी करणारा आणि आधार देणारा माणूस एकच नसावा.

त्यानंतर दिनदर्शिका काढा आणि खुणा करा: एक आठवडा, एक महिना, तीन महिने, न्यायालयातली तारीख, वर्ष. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, तेच दृश्य पुन्हा दिसणं सर्वसाधारण असतं, आणि बऱ्याच जणांचं ते हळूहळू कमी होतं. महिना उलटूनही तसंच असेल किंवा वाढत असेल तर आघातावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे जायची वेळ झाली. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (विचार आणि वागणं यांवर काम करणारा, ‘सीबीटी’) आणि ‘ईएमडीआर’ (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारा) या दोन्ही पद्धतींच्या मागे चांगला पुरावा आहे. हे त्याला सांगा, म्हणजे ‘समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा’ हा समज जाईल.

पायरी ६: मदत आहे, पण तिथवर जातं कोण?

बहुतेक संस्थांत समुपदेशनाचा एखादा क्रमांक असतो, सूचनाफलकावर, अर्धा फाटलेला. तिथे फोन केला तर वरिष्ठांना कळेल, आणि जिथे अधिकारी शस्त्र बाळगतात तिथे ते काढून घेतलं जाईल, अशी भीती असते. ही भीती कुठे खरी आहे आणि कुठे खोटी, ते लेखी मिळवा आणि सगळ्यांना वाचून दाखवा. तुम्ही स्वतः तो क्रमांक एकदा फिरवून पाहा. उचलतात का? प्रोबेशनचं काम म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे का?

सहकारी-आधाराची फळी याहून जास्त चालते, पण ती साहेबाने नेमायची नसते. ‘वाईट दिवस असला तर तुम्ही कोणाकडे जाल?’ असं प्रत्येकाकडून गुपचूप लिहून घ्या. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील. त्यांना प्रशिक्षण द्या, या कामासाठी वेळ मोकळा करून द्या आणि गुप्ततेच्या मर्यादा आधीच ठरवा: स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल तरच बोलणं बाहेर जाईल. आणि त्यांच्या पाठीशीही कुणीतरी हवं, नाहीतर सगळ्यांची ओझी त्या दोघा-तिघांच्या खांद्यावर.

एक राहिलं

या कामात अपयश परत येतं, यश येत नाही. जो पुन्हा गुन्हा करतो त्याची फाइल पुन्हा टेबलावर पडते. जो सुधारतो तो शेवटच्या सहीनंतर निघून जातो, आणि ते बरोबरच आहे. त्याला तुमची आठवणही नकोशी असते. पाच-सहा वर्षं हे चाललं की अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे वाटू लागतं की कुणीच सुधारत नाही. म्हणून महिन्याच्या बैठकीची सुरुवात देखरेख पूर्ण करून गेलेल्यांच्या यादीने करा. टाळ्या, प्रमाणपत्रं काही नको. नुसती यादी वाचा आणि ती केस ज्याच्याकडे होती त्याला त्याबद्दल दोन वाक्यं बोलू द्या. पहिल्या महिन्यात सगळे खाली बघतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुणीतरी म्हणेल, ‘अरे, तो? तो तर पहिल्या भेटीला दार आपटून गेला होता.’

तुमच्या स्वतःच्या पंधरवड्याच्या भेटीसाठी तुमच्या वरिष्ठाकडे आजच वेळ मागा. तो नाही म्हणाला, तर दुसऱ्या कार्यालयातला तुमच्या हुद्द्याचा एखादा पर्यवेक्षक शोधा आणि दिनदर्शिकेत त्याचं नाव लिहा.